९५० डॉलरची रेघ आणि महापौरांच्या सहीचं पत्र

‘कॅलिफोर्नियात ९५० डॉलरपर्यंत चोरी माफ आहे’ हे वाक्य सॅन होजे-फ्रीमॉन्टच्या मराठी घरांत चहाबरोबर ऐकू येतं आणि पुण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही फिरतं. ते चूक आहे. तिथे साबणाची एक वडी उचलणं हाही गुन्हाच आहे आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत जेल आणि १,००० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. तरीही हे वाक्य टिकलं, कारण दुकानाच्या काउंटरमागून दिसणारं चित्र त्याच्याशी जुळत होतं. माणूस येतो, पिशवी भरतो, निघून जातो, आणि पोलीस आले तरी फार काही घडत नाही.

कागदावर गुन्हा आणि दुकानात माफी, असं का होत होतं? २०२४ मध्ये कॅलिफोर्नियाने हा गुंता दोन बाजूंनी सोडवायला घेतला. विधिमंडळाने दहा विधेयकं मंजूर केली आणि मतदारांनी ‘प्रॉपोझिशन ३६’ नावाचा कायदा थेट मतपेटीतून आणला. दोन्हींच्या मागे शहरं आणि काउंट्या उभ्या होत्या. त्यांचा पाठिंबा म्हणजे नेमकं काय, तो कसा दिला जातो आणि त्याची किंमत कोण मोजतं, हे समजून घेतलं की ९५० हा आकडा किती दुय्यम आहे तेही कळतं.

पोलीस शहराचे, कायदा राज्याचा

महाराष्ट्रातल्या वाचकाची पहिली अडचण इथेच होते. आपल्याकडे महापालिका पाणी, कचरा, रस्ते बघते. पोलीस राज्याच्या गृहखात्याचे आणि चोरीची व्याख्या केंद्राच्या भारतीय न्याय संहितेत. नगरसेवकाने दुकानचोरीवर ठराव केला तर लोक हसतील.

कॅलिफोर्नियात मांडणी वेगळी आहे. चोरीची व्याख्या आणि शिक्षा राज्याच्या दंडसंहितेत, म्हणजे राजधानी सॅक्रामेंटोतल्या विधिमंडळाच्या हातात. पण पोलीस खातं शहराचं असतं. पगार, गाड्या, कॅमेरे सगळं शहराच्या अंदाजपत्रकातून. लहान शहरं स्वतःचं खातं न ठेवता काउंटीच्या शेरिफकडून पैसे देऊन पोलीससेवा घेतात. राज्यात ५८ काउंट्या आहेत. काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा. खटला चालवणारा डिस्ट्रिक्ट ॲटर्नी काउंटीचा, आणि तो निवडून येतो. जेल शेरिफचं, म्हणजे काउंटीचंच. सुटकेनंतर आरोपीवर देखरेख ठेवणारं प्रोबेशन खातंही काउंटीचं. लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगोसारख्या शहरांत आणखी एक पेच आहे. तिथे किरकोळ गुन्ह्यांचे खटले शहराचा स्वतःचा वकील, सिटी ॲटर्नी चालवतो. गंभीर गुन्हा किरकोळ ठरला की ती फाइल काउंटीच्या टेबलावरून शहराच्या टेबलावर येते.

‘किरकोळ’ आणि ‘गंभीर’ हे दोन शब्द पुढे सारखे येतील. तिथले शब्द मिस्डिमीनर आणि फेलनी. मिस्डिमीनरला फार तर वर्षभर काउंटी जेल; फेलनीला त्याहून जास्त, आणि काही गुन्ह्यांत राज्याचा तुरुंग.

तर एका दुकानचोरीत कायदा राज्याचा, पण धावपळ जवळजवळ सगळी शहराची आणि काउंटीची. शहराला राज्याच्या दंडसंहितेशी विसंगत स्थानिक नियम करता येत नाही. केला तर कोर्टात टिकत नाही. ‘आमच्या गावात ३०० डॉलरच्या वर फेलनी’ असं कोणत्याही शहराची कौन्सिल, म्हणजे नगरसेवकांची सभा, ठरवू शकत नाही. तिच्या हातात उरतं ते राज्याकडे मागणी करणं. पाठिंब्याची पत्रं आणि ठराव यांना तिथे वजन येतं ते यातूनच.

रेघ कुठून आली

२०१० च्या आधी तिथे चोरी गंभीर ठरण्याची मर्यादा ४०० डॉलर होती. विधिमंडळाने ती ९५० वर नेली. २०११ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राऊन विरुद्ध प्लाटा’ खटल्यात राज्याला तुरुंगांतली गर्दी क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणायला लावली. मग नोव्हेंबर २०१४ मध्ये मतदारांनी ‘प्रॉपोझिशन ४७’ सुमारे ६० टक्के मतांनी मंजूर केलं. त्याने दुकानचोरी हा वेगळा गुन्हा केला: दुकान उघडं असताना, कामाच्या वेळेत, चोरीच्या इराद्याने आत शिरणं आणि माल ९५० डॉलर किंवा त्याहून कमी असणं. हा मिस्डिमीनर. आधी चोरीसाठी शिक्षा झालेला माणूस पुन्हा सापडला तर त्याच्यावर फेलनी लावता येत असे. तो रस्ताही प्रॉपोझिशन ४७ ने बहुतेकांसाठी बंद केला.

तुरुंगावरचा वाचलेला खर्च एका निधीत टाकायचा होता: ६५ टक्के मानसिक आरोग्य, व्यसनमुक्ती आणि पुनर्वसनाच्या अनुदानांना, २५ टक्के शाळांना, १० टक्के पीडितांच्या केंद्रांना. हा निधी पुढे महत्त्वाचा ठरतो.

आता ९५० डॉलर हा आकडा खरंच सैल आहे का? टेक्सासमध्ये हीच रेघ २,५०० डॉलरवर आहे, आणि टेक्सासला कुणी चोरांचं माहेर म्हणत नाही. अडचण रेघ कुठे आहे यात कमी आणि रेघेखाली काय होतं यात जास्त होती.

रेघेबाहेरचं बरंच काही लोक विसरतात. रात्री कुलूप तोडून आत शिरणं घरफोडीच्या कलमात जातं. तिथे ९५० चा प्रश्नच नाही. माल घेऊन पळताना सुरक्षारक्षकाला ढकललं किंवा धमकावलं तर ती जबरी चोरी होते, मग माल वीस डॉलरचा असला तरी. १९८३ च्या ‘पीपल विरुद्ध एस्टेस’ निकालापासून हे ठरलेलं आहे. हातोडे घेऊन काचा फोडणाऱ्या टोळ्यांचे जे व्हिडिओ जगभर फिरले, त्यांतल्या कृत्यांवर गंभीर कलमं लावायला जुना कायदाही पुरेसा होता. ते व्हिडिओ दाखवून ९५० ची रेघ बदला म्हणणं म्हणजे दुखणं गुडघ्याचं आणि लेप कपाळाला.

गाडं अडायचं कुठे

पहिली अडचण अटकेची. तिथे मिस्डिमीनरमध्ये पोलिसाला वॉरंटशिवाय अटक करायची तर, काही अपवाद सोडून, गुन्हा त्याच्या डोळ्यांसमोर घडलेला हवा. चोर निघून गेल्यावर दहा मिनिटांनी पोलीस पोचला, समोरच्या फुटपाथवर तोच माणूस पिशवीसह उभा दिसला, तरी त्याला थेट बेड्या घालता येत नसत. पर्याय एकच: दुकानातल्या कर्मचाऱ्याने ‘नागरिकाची अटक’ करायची, म्हणजे स्वतःच्या सहीने अटक आपण केली असं लिहून द्यायचं. बऱ्याच साखळी दुकानांची कर्मचाऱ्यांना सक्त ताकीद असते की या फंदात पडू नका. उद्या मारामारी झाली किंवा चुकीच्या माणसाला धरलं तर नुकसानभरपाईचा दावा कंपनीवर येतो.

आपल्याकडे अदखलपात्र गुन्ह्याचं जे होतं तेच हे. ‘एनसी घेतली, पुढे बघू.’ आणि योगायोग असा की १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारताच्या नव्या कायद्यांत ५,००० रुपयांहून कमी किमतीची पहिली चोरी, माल किंवा त्याची किंमत परत केली तर, समाजसेवेच्या शिक्षेवर आणली आहे आणि ती अदखलपात्र धरली आहे. कॅलिफोर्निया जी गाठ सोडवायला बसला होता, तशीच एक छोटी गाठ आपण त्याच वर्षी मारली. मुंबई-पुण्याच्या सुपरमार्केटवाल्यांनी कॅलिफोर्नियाचा अनुभव वाचावा तो एवढ्यासाठी.

दुसरी अडचण बेरजेची. एकच माणूस सोमवारी ३०० चा, बुधवारी ४०० चा, शनिवारी ३५० चा माल नेतो. एकूण १,०५० डॉलर. पण घटना तीन, दुकानं तीन, तक्रारी तीन. या चोऱ्या एकाच हेतूच्या, एकाच योजनेच्या आहेत हे दाखवल्याशिवाय बेरीज करता येत नसे, आणि दुकानं वेगवेगळ्या मालकांची असली की अनेक सरकारी वकील तो नाद सोडून देत. त्यात तीन दुकानं तीन काउंट्यांत असली तर तीन डिस्ट्रिक्ट ॲटर्नी, तीन कोर्टं. बे एरियात, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, पाऊण तास गाडी हाकली की तीन काउंट्या ओलांडून होतात.

तिसरी गोष्ट, मालाची विल्हेवाट. रोज डिटर्जंट, रेझर, बाळाची पावडर उचलणारा ते घरी वापरत नाही. तो माल गोळा करणाऱ्याकडे जातो आणि तिथून ऑनलाइन बाजारात. पकडला जातो तो उचलणारा. गोदाम भरून बसलेल्याकडे सापडलेला माल कुठल्या दुकानातून, कुठल्या दिवशी गेला हे सिद्ध करता करता खटला विरून जातो.

२०२४ च्या विधेयकांनी या गाठी एकेक करून सोडवल्या. (एबी म्हणजे खालच्या सभागृहाचं, असेंब्लीचं विधेयक; एसबी म्हणजे वरच्या सभागृहाचं, सेनेटचं.) एबी २९४३ ने दुकानचोरीसाठी अटकेचा नियम बदलला: पोलिसाने गुन्हा पाहिलेला नसला तरी साक्षीदाराचा शपथेवरचा जबाब किंवा व्हिडिओ यांच्या आधारे त्याला सबळ कारण दिसलं तर अटक करता येते. त्याच विधेयकाने वेगवेगळ्या दुकानांतल्या चोऱ्यांची बेरीज करणं स्पष्ट शब्दांत मान्य केलं, आणि ९५० डॉलरहून जास्त किमतीचा चोरीचा माल विक्रीच्या इराद्याने बाळगणं हा स्वतंत्र गुन्हा केला. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. एबी १७७९ ने अनेक काउंट्यांतल्या चोऱ्यांचा खटला एकाच काउंटीत चालवण्याची मुभा दिली. अट अशी की संबंधित सगळ्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नींची संमती हवी. एसबी ११४४ ने ऑनलाइन बाजारांवर मोठ्या विक्रेत्यांची ओळख तपासण्याची जबाबदारी वाढवली. एसबी ९०५ गाड्या फोडण्याबद्दलचं आहे: काच फुटलेली असूनही ‘दार कुलूपबंद होतं’ हे वेगळं सिद्ध करावं लागायचं, ती हास्यास्पद अट गेली. संघटित दुकानचोरीचं कलम मुदतीचं होतं, १ जानेवारी २०२६ ला ते आपोआप रद्द झालं असतं. एसबी ९८२ ने ते कायम केलं.

एबी ३२०९ मला यातलं सगळ्यात विचारपूर्वक लिहिलेलं वाटतं. दुकानात चोरी, तोडफोड किंवा कर्मचाऱ्याला मारहाण करणाऱ्याला कोर्ट दोन वर्षांपर्यंत त्या दुकानात पाऊल ठेवायला मनाई करू शकतं. पण मनाई करताना कोर्टाने हेही पाहायचं की त्या माणसाला जवळपास अन्न किंवा औषधं मिळण्याची ती एकच जागा तर नाही ना. शिक्षा कडक करायच्या घाईत अशी ओळ क्वचित सुचते.

गव्हर्नर गॅव्हिन न्यूसम यांनी १६ ऑगस्ट २०२४ रोजी सॅन होजेतल्या एका होम डेपो दुकानात या विधेयकांवर सह्या केल्या.

पाठिंबा देतात म्हणजे काय करतात

बाहेरून हे फार ढोबळ वाटतं: महापौर पत्र लिहितात, बातमी येते. प्रत्यक्षात ते वेळापत्रकाचं काम आहे.

बहुतेक शहरं वर्षाच्या सुरुवातीला ‘लेजिस्लेटिव्ह प्लॅटफॉर्म’ मंजूर करून ठेवतात. कुठल्या विषयांवर शहराची काय भूमिका आहे याची ती यादी. ‘सार्वजनिक सुरक्षा’ या मथळ्याखाली ‘वारंवार होणाऱ्या चोरीवर परिणामकारक कारवाईला पाठिंबा’ असं एक वाक्य त्यात असेल तर त्याला धरून येणाऱ्या विधेयकावर सिटी मॅनेजर (शहराचा नेमलेला मुख्य प्रशासक) किंवा महापौर लगेच पत्र पाठवू शकतात. वाक्य नसेल तर विषय कौन्सिलच्या बैठकीत आणावा लागतो. तिथे ब्राऊन ॲक्ट आडवा येतो: १९५३ च्या या कायद्यानुसार नियमित बैठकीची विषयपत्रिका ७२ तास आधी लोकांसमोर लावावी लागते, यादीत नसलेल्या विषयावर सहसा निर्णय घेता येत नाही, आणि नागरिकांना बोलायची संधी द्यावीच लागते. कौन्सिल पंधरा दिवसांतून एकदा भरत असेल आणि विधेयकाची सुनावणी पुढच्या आठवड्यात असेल तर गाडी चुकली. प्लॅटफॉर्ममध्ये ते एक वाक्य आधीच घालून ठेवणं हीच यातली खरी हुशारी.

विधेयक मांडल्यावर साधारण ३० दिवस त्याची सुनावणी होत नाही. मग ते पब्लिक सेफ्टी समितीकडे जातं. समितीचे कर्मचारी सुनावणीआधी एक विश्लेषण तयार करतात आणि त्याच्या शेवटी पाठिंबा देणाऱ्या आणि विरोध करणाऱ्या संस्थांची यादी असते. पत्र विधिमंडळाच्या ऑनलाइन पोर्टलवरून समितीने दिलेल्या मुदतीत पोचलं तरच शहराचं नाव त्या यादीत लागतं. उशिरा पोचलेलं पत्र वाचलं जाईलही, पण यादीत दिसत नाही, आणि घाईतला आमदार यादीच बघतो.

पत्र एका पानात संपावं. विधेयकाचा क्रमांक, लेखक आमदाराचं नाव, कोणत्या तारखेच्या सुधारित मसुद्याबद्दल आपण बोलतोय ती तारीख, आणि पहिल्याच ओळीत भूमिका: पाठिंबा, विरोध, किंवा ‘सुधारणा केल्यास पाठिंबा’. मसुद्याची तारीख राहून जाणं ही नेहमीची चूक. विधेयकं समितीगणिक बदलतात. जूनमधल्या मसुद्याला दिलेला पाठिंबा ऑगस्टमध्ये भलत्याच मजकुराला चिकटलेला राहतो. २०२४ मध्ये याचं जिवंत उदाहरण घडलं. उन्हाळ्यात विधिमंडळाच्या नेतृत्वाने काही विधेयकांत असं कलम घालायचं ठरवलं की नोव्हेंबरमध्ये प्रॉपोझिशन ३६ मंजूर झालं तर ही विधेयकं रद्द. नंतर ते मागे घेतलं गेलं. मधल्या काळात ज्यांनी विनाअट पाठिंब्याची पत्रं देऊन ठेवली होती त्यांची पंचाईत झाली असणार हे सांगायला ज्योतिषी नको.

पत्रात आकडे स्वतःच्या शहराचे हवेत. राष्ट्रीय आकड्यांच्या नादी लागण्यात धोका आहे. अमेरिकेतल्या किरकोळ विक्रेत्यांच्या राष्ट्रीय संघटनेने, नॅशनल रिटेल फेडरेशनने, २०२१ मधल्या ९,४५० कोटी डॉलरच्या मालतुटीपैकी जवळजवळ निम्मी संघटित चोरीमुळे झाली असं छापलं होतं. डिसेंबर २०२३ मध्ये त्यांना तो दावा मागे घ्यावा लागला. मालतूट म्हणजे हिशोबातला माल आणि प्रत्यक्ष माल यांतला फरक. त्यात बाहेरचे चोर, आतले चोर आणि नुसत्या नोंदीच्या चुका सगळं येतं. पोलिसांच्या नोंदींचीही मर्यादा आहे. दुकान तक्रारच करत नसेल तर चोरी ‘कमी’ दिसते, आणि पोलिसांनी ऑनलाइन तक्रारीची सोय केली की ती एका महिन्यात ‘वाढते’. शहाणं शहर म्हणून तीन गोष्टी वेगळ्या लिहितं: दुकानांकडून आलेले फोन, नोंदवलेले गुन्हे, आणि त्यांतले किती उलगडले. तिसऱ्या आकड्याचं मोल सगळ्यात जास्त, कारण नवा कायदा बदलणार आहे तो तोच.

पुढची चाळणी अप्रोप्रिएशन्स समितीची, म्हणजे विधेयकांचा खर्च तपासणाऱ्या समितीची. खालच्या सभागृहात राज्याला वर्षाला दीड लाख डॉलरहून जास्त खर्च पडेल अशी विधेयकं तिथे ‘सस्पेन्स फाइल’मध्ये जातात आणि एका दिवशी झटपट, फारशी चर्चा न होता निकालात निघतात. इथे गुन्हेगारीच्या गोष्टी सांगून उपयोग नाही, खर्चावर बोलावं लागतं. त्यानंतर खालच्या सभागृहात ८० पैकी ४१ आणि सेनेटमध्ये ४० पैकी २१ मतं पुरतात. शेवटच्या मताआधी अंतिम मसुदा ७२ तास लोकांसमोर राहावा लागतो.

४८३ शहरं सुटी सुटी ओरडली तर कल्लोळ होतो, म्हणून १८९८ पासूनची ‘लीग ऑफ कॅलिफोर्निया सिटीज’ ही त्यांची संघटना नमुना-पत्रं काढते आणि सॅक्रामेंटोत सूत्रं हलवते. नमुना-पत्र जसंच्या तसं पाठवणं ही दुसरी नेहमीची चूक. त्याच शब्दांतली चाळीस पत्रं आली की समितीतला माणूस पहिलं वाचतो आणि बाकीची मोजतो.

बिल कोण भरतं

कॅलिफोर्नियाच्या राज्यघटनेत १९७९ पासून एक चांगली तरतूद आहे: राज्याने स्थानिक संस्थांवर नवं काम लादलं तर त्याचा खर्च राज्याने द्यावा. पण तिला अपवाद आहे. नवा गुन्हा निर्माण करणारा किंवा गुन्ह्याची व्याख्या बदलणारा कायदा असेल तर भरपाई नाही. असं विधेयक उघडलं की शेवटी ठरलेलं वाक्य सापडतं की या कायद्याखाली भरपाई देणं लागत नाही, कारण त्याने गुन्हा निर्माण केला किंवा बदलला आहे.

याचा अर्थ असा की चोरीवरचं कडक विधेयक हे राज्यासाठी बऱ्याच अंशी फुकट असतं. अटकेचा नियम सैल झाला म्हणजे अटका वाढल्या. प्रत्येक अटकेत पोलिसाचे काही तास कागदपत्रांत जातात, जेलमध्ये एक खाट भरते, सरकारी वकील आणि आरोपीचा सरकारी बचाव-वकील दोघांकडे एकेक फाइल वाढते. २०११ पासून तर अनेक फेलनींची शिक्षाही राज्याच्या तुरुंगाऐवजी काउंटी जेलमध्येच भोगायची असते. म्हणजे गुन्हा ‘गंभीर’ झाला तरी कैदी काउंटीच्याच गळ्यात.

यामुळेच चांगल्या पाठिंब्याच्या पत्रात शेवटी पैशाची ओळ असते, आणि यामुळेच शहरं आणि काउंट्यांचं अनेकदा जमत नाही. शहराला चोर दुकानासमोरून हटलेला हवा. त्याला ठेवायचं कुठे हा काउंटीचा प्रश्न. शहराची पत्रं जास्त उत्साही आणि काउंटीची जास्त सावध वाचायला मिळतात ती या हिशोबामुळे. धैर्याशी त्याचा संबंध नाही.

राज्याने थोडे पैसे दिलेही. सप्टेंबर २०२३ मध्ये २६ कोटी ७० लाख डॉलरची अनुदानं ५५ स्थानिक यंत्रणांना, म्हणजे पोलीस खाती, शेरिफ आणि डिस्ट्रिक्ट ॲटर्नींना, संघटित दुकानचोरीविरुद्ध जाहीर झाली. त्यातून खास पथकं, गाड्यांचे नंबर टिपणारे कॅमेरे आणि केवळ अशाच खटल्यांसाठी सरकारी वकील उभे राहिले.

मतपेटीचा रस्ता, आणि सरकारी पैशाची लक्ष्मणरेषा

विधिमंडळाने दहा विधेयकं केली, मग प्रॉपोझिशन ३६ कशाला? कारण प्रॉपोझिशन ४७ मतदारांनी केलेलं होतं. मतदारांचा कायदा विधिमंडळाला मनासारखा बदलता येत नाही. प्रॉपोझिशन ४७ मध्ये दोन तृतीयांश मतं आणि मूळ हेतूशी सुसंगती अशी अट होती. शिक्षा वाढवणं हे मूळ हेतूच्या उलटच. म्हणून विधिमंडळ रेघेच्या आजूबाजूने फिरलं आणि रेघेला हात घालायला पुन्हा मतदारांकडेच जावं लागलं. त्यासाठी ५,४६,६५१ वैध सह्या लागत होत्या. वॉलमार्ट, टार्गेट, होम डेपो या साखळी दुकानांनी मोठ्या देणग्या दिल्या. सॅन होजेचे महापौर मॅट महान आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या तेव्हाच्या महापौर लंडन ब्रीड यांनी उघड पाठिंबा दिला, त्यांच्याच पक्षाचे गव्हर्नर न्यूसम विरोधात असताना. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुमारे ६८ टक्के मतांनी ते मंजूर झालं आणि १८ डिसेंबरपासून लागू झालं.

गंमत म्हणजे त्यानेही ९५० चा आकडा हलवला नाही. आधी दोनदा चोरीच्या गुन्ह्यात दोषी ठरलेला माणूस तिसऱ्यांदा सापडला तर रक्कम कितीही लहान असो, फेलनी लावता येते, तीन वर्षांपर्यंत. म्हणजे २०१४ मध्ये बंद केलेला रस्ता पुन्हा उघडला. अमली पदार्थांच्या वारंवारच्या गुन्ह्यांत उपचार पूर्ण केले तर खटला रद्द, अशी नवी तरतूदही आली.

अशा मतदानात शहराचा पाठिंबा विधेयकापेक्षा जास्त जपून द्यावा लागतो. १९७६ च्या ‘स्टॅन्सन विरुद्ध मॉट’ निकालानुसार सरकारी पैसा निवडणुकीच्या प्रचाराला वापरता येत नाही. कौन्सिलने उघड बैठकीत ‘आमचा प्रॉपोझिशन ३६ ला पाठिंबा आहे’ असा ठराव करणं चालतं. कायद्याने काय बदलेल याची तटस्थ माहिती वेबसाइटवर ठेवणंही चालतं. पण शहराच्या छापखान्यातून ‘होय म्हणा’ची पत्रकं काढणं, पाण्याच्या बिलासोबत ती वाटणं, पोलीसप्रमुखाने ड्यूटीच्या तासांत प्रचारसभेत बोलणं, शहराच्या ईमेलवरून देणगी मागणं, यातलं काहीही चालत नाही. महापौर स्वतःच्या वेळेत, स्वतःच्या नावाने हवं ते बोलू शकतात. घोटाळा व्हायचा तो बहुतेक ‘माहितीपत्रका’त होतो: सुरुवात तटस्थ, शेवट विशेषणांनी भरलेला. कोर्ट शैली, सूर आणि वेळ तिन्ही बघतं.

आता पुन्हा पैसा. प्रॉपोझिशन ३६ ने स्वतःसोबत एक डॉलरही आणला नाही. विधिमंडळाच्या तटस्थ विश्लेषण कार्यालयाचा अंदाज होता की राज्याचा वार्षिक खर्च काही कोटी डॉलरपासून दहा-वीस कोटींच्या घरात वाढेल आणि स्थानिक संस्थांचा काही कोटींनी. शिवाय तुरुंगात माणसं वाढली की प्रॉपोझिशन ४७ ची ‘बचत’ घटते, आणि त्या बचतीवर चालणारी व्यसनमुक्तीची अनुदानंही. उपचार घेतले तर खटला रद्द म्हणणारा कायदा उपचारांचाच पैसा कमी करतो, ही त्याची सगळ्यात कच्ची बाजू. २०२५-२६ च्या राज्य अंदाजपत्रकात उपचार, कोर्टं आणि बचाव-वकिलांसाठी मिळून सुमारे १० कोटी डॉलर ठेवले गेले, तेही एकदाच.

काउंटरमागे काय बदललं

नव्या अटकेच्या नियमाला धार येते ती दुकानाच्या कागदांनी. व्हिडिओ आपोआप पुसला जायच्या आत बाजूला काढायचा. अनेक यंत्रणा काही आठवड्यांत जुनं चित्रण खोडतात. नेलेल्या प्रत्येक वस्तूचं नाव, संख्या आणि त्या दिवशीची विक्रीची किंमत असा तक्ता करायचा. ‘अंदाजे ५०० डॉलरचा माल’ असं लिहिलं की बेरीज तिथेच मोडते. माणूस त्याच दिवशी सापडला नाही तरी तक्रार नोंदवायची, कारण तिसऱ्या चोरीला पहिल्या दोन मोजता याव्यात तर त्या कुठेतरी लिहिलेल्या हव्यात. जबाब देणारा कर्मचारी नोकरी सोडून गेला तर व्हिडिओ कुणाच्या साक्षीने कोर्टात दाखल करायचा हेही आधीच ठरवायचं.

आणि शहराकडे? २०२३ ची अनुदानं तीन वर्षांच्या हिशोबाने दिलेली होती. नंबर टिपणारे कॅमेरे बहुतेक ठिकाणी विकत नाहीत, वार्षिक वर्गणीवर मिळतात. अनुदान संपलं की ती वर्गणी आणि खास पथकाचे पगार शहराच्या सर्वसाधारण निधीवर येतात, जिथे वाचनालय, उद्यानं आणि अग्निशमन आधीच रांगेत उभे आहेत. पाठिंब्याच्या ठरावाला हात वर करणाऱ्या कौन्सिल सदस्याने त्याच बैठकीत वित्त अधिकाऱ्याकडून तो आकडा मागून घ्यावा.